कचारगडची वाट आणि आभासी दालन

संगणकाने उभ्या केलेल्या ज्या अवकाशात प्रेक्षकाला मान वळवता येते, पुढे-मागे जाता येते, वस्तूजवळ जाऊन ती निरखता येते आणि प्रेक्षकाच्या या हालचालींना तो अवकाश तत्काळ प्रतिसाद देतो, त्याला आभासी परिसर म्हणता येईल. चित्रफितीत प्रेक्षकाची नजर कॅमेऱ्याच्या स्वाधीन असते, येथे ती प्रेक्षकाच्या हाती येते, आणि ‘परस्परसंवादी’ या काहीशा जड विशेषणाचा मूळ अर्थ एवढाच आहे. डोक्यावर चढवायचा हेडसेट, हातातला मोबाईल किंवा भोवती वर्तुळाकार उभा केलेला पडदा, यांपैकी कोणत्याही साधनाने असा परिसर अनुभवता येतो. दृश्यकलेचे प्रदर्शन अशा परिसरात मांडण्याचे प्रयत्न गेली काही दशके जगभर चालू आहेत. त्यांची चर्चा मात्र बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते, की हे सारे कितपत खरे वाटते. चित्राचा पोत दिसतो का, सावली योग्य ठिकाणी पडते का, मान वळवताच दृश्य किंचितही मागे न राहता वळते का, हे प्रश्न अभियंत्याच्या दृष्टीने महत्त्वाचेच आहेत. चित्र पाहण्याच्या व्यवहारात मात्र ते दुय्यम ठरतात, कारण चित्र कोणी, केव्हा, कोणत्या वाटेने येऊन आणि कोणाच्या संमतीने पाहायचे हे त्यांतून ठरत नाही, आणि मांडणी या शब्दाचा गाभा तर तोच आहे.

अनेक आभासी कलादालने उघडून पाहिली, तर आत पांढऱ्या भिंती, गुळगुळीत जमीन, छतातून येणारा सम प्रकाश आणि डोळ्यांच्या उंचीवर टांगलेल्या चौकटी असाच थाट दिसतो. पांढऱ्या खोलीचा हा संकेत विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य कलाव्यवहाराने रूढ केला, आणि ब्रायन ओडॉहर्टी या समीक्षकाने 1976 साली लिहिलेल्या लेखमालेत तो संकेत तटस्थ नाही, काळ आणि स्थळ पुसून टाकून वस्तूला ‘कला’ ठरवणारे ते एक यंत्रच आहे, हे उलगडून दाखवले. प्रत्यक्ष दालनातल्या भिंतीला निदान कारण तरी असते. चित्र टांगायला आधार लागतो, पाऊस आणि ऊन अडवावे लागते, पहारा ठेवावा लागतो. आभासी परिसरात चित्राला खिळा लागत नाही, पावसाची भीती नाही आणि चोरही येत नाही, तरीही भिंत तेवढी शिल्लक राहते, हे थोडे गमतीचेच आहे. 2017 साली सुरू झालेल्या क्रेमर संग्रहालयाला विटा-चुन्याची इमारतच नाही. तेथील सतराव्या शतकातली डच आणि फ्लेमिश चित्रे फोटोग्रामेट्रीने, म्हणजे एकाच वस्तूची वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली शेकडो-हजारो छायाचित्रे जुळवून तिचा त्रिमित नमुना घडवण्याच्या तंत्राने, उतरवलेली आहेत आणि प्रेक्षकाला चित्रामागे जाऊन त्याची पाठही पाहता येते. ही सोय मोलाची खरीच, आणि चौकटीतल्या तैलचित्राला ती साजतेही, कारण ते चित्र मुळातच एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाण्यासाठी जन्मलेले असते. अडचण येते ती जी कला भिंतीवरून हलवण्यासाठी कधी केलीच नव्हती तिची.

या दृष्टीने गोंदिया जिल्हा विचाराला फार उपयोगी पडतो. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेला टेकलेला, आठ तालुक्यांचा हा भातशेतीचा आणि तलावांचा मुलूख कलादालनांसाठी ओळखला जात नाही. जुने आणि मोठे संग्रहालय पाहायचे तर येथील माणसाला रेल्वेने नागपूर गाठावे लागते, जेथे 1863 साली स्थापन झालेले आणि लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’ म्हणून रुळलेले मध्यवर्ती संग्रहालय आहे. नावाची ही निवडच बोलकी आहे, कारण अजब म्हणजे आपल्या रोजच्या जगण्याबाहेरचे. याउलट गोंदियाच्या माणसाच्या जगण्यातली दृश्यकला सारवलेल्या भिंतीवर, अंगणातल्या रांगोळीत, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडई नावाच्या जत्रेत, दंडार या लोकनाट्याच्या सोंगात, झाडीपट्टीच्या नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यावर आणि सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या यात्रेत फडकणाऱ्या सप्तरंगी ध्वजांत आहे. यांपैकी एकही गोष्ट चौकटीत बसत नाही, आणि बहुतेक गोष्टी मुद्दाम टिकवण्यासाठी केलेल्या नाहीत. सारवण पावसाळ्यात उतरते, रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते, सोंगाचा रंग पहाटे धुतला जातो. झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी एकाच बाजारात ऐकू येणाऱ्या या प्रदेशात कलेची ओळख वस्तूपेक्षा प्रसंगाने होते.

अशी प्रसंगाची कला दालनात गेली की तिचे काय होते, याचे दोन दाखले शेजारीच आहेत. गोंड चित्र म्हणून आज जे जगभर ओळखले जाते त्याला आकार दिला तो मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांनी. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने ते भोपाळच्या भारत भवनाशी जोडले गेले, भिंतीवरची रेघ कागदावर आणि कॅनव्हासवर आली, आणि 2001 साली जपानमधल्या निइगाता प्रांतातल्या एका संग्रहालयासाठी चित्रे काढत असताना तेथेच त्यांचा अंत झाला. डहाणूच्या परिसरात जिव्या सोमा मशे यांच्या हातून वारली चित्राचेही तेच स्थलांतर घडले. लग्नाच्या वेळी सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढायचा चौक, त्यातली पालघट देवी आणि धवलेरीची, म्हणजे लग्न लावणाऱ्या स्त्रीची, गाणी हा सारा एक विधी होता. कागदावर आली ती रेघ, आणि विधी मागे राहिला. 1989 साली पॅरिसमध्ये भरलेल्या ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात जनगढ आणि मशे दोघांचाही समावेश होता, जगातल्या नामवंत समकालीन कलावंतांच्या बरोबरीने. त्या स्थलांतराने दोघांना कलावंत म्हणून नाव दिले, पुढच्या पिढ्यांना रोजगार दिला, आणि त्याबद्दल हळहळणे हे पोट भरलेल्यांचे काम आहे. पण त्यात काय गळले हे ओळखणे वेगळे. गळला तो चित्राकडे जाण्याचा नियम, म्हणजे लग्न असल्याशिवाय चौक नाही, आणि धवलेरीने गायल्याशिवाय तो पुरा नाही.

येथे एक सावधगिरी हवी. गोंदियातला गोंड समाज आणि पाटनगढचा परधान, म्हणजे गोंडांच्या कथा गाणाऱ्या भाट समाजातला, चित्रकार यांना ‘गोंड कला’ या एकाच पाटीखाली बसवण्याची सवय पर्यटनखात्याच्या भिंतींनी लावली आहे. दिंडोरीच्या गोंड चित्रांना 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते एका विशिष्ट प्रदेशाच्या, विशिष्ट हातांच्या शैलीला. उद्या कचारगडचे आभासी दालन उभारले आणि त्यात ठिपक्या-रेघांची हरणे आणि मोर टांगून ‘स्थानिक कला’ दाखवल्याचे समाधान मानले, तर तो शेजारच्या घरातला फोटो आपल्या दिवाणखान्यात लावण्याचा प्रकार होईल.

महाराष्ट्रात चित्र आणि त्याची जागा यांच्या नात्याचा सर्वांत दीर्घ धडा अजिंठ्याने दिलेला आहे. 1819 साली ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नजरेस ही लेणी पडल्यानंतर तेथील चित्रे दुसरीकडे दाखवायची कशी, या एकाच प्रश्नावर दीडशे-दोनशे वर्षे मेहनत झाली. रॉबर्ट गिल याने 1844 पासून पुढे वर्षानुवर्षे तेथे राहून मोठमोठ्या तैलरंगी प्रती केल्या, त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1866 साली लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानंतर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून पुन्हा प्रती केल्या, त्यांतल्याही बऱ्याच 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी हेरिंगहॅम आणि त्यांच्याबरोबर आलेल्या तरुण भारतीय चित्रकारांनी तिसऱ्यांदा हा उद्योग केला. पुढे हैदराबाद संस्थानाच्या वतीने गुलाम यझदानी यांनी छायाचित्रांचे खंड काढले, आणि अलीकडे पायथ्याच्या पर्यटक केंद्रात काही लेण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृतीही उभारल्या गेल्या. नक्कल मूळ वस्तूपेक्षा आधी नष्ट व्हावी, हा अजिंठ्याच्या इतिहासातला विचित्र योग डिजिटल प्रतींवर आंधळा भरवसा ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मात्र या साऱ्या प्रतींचे खरे अपुरेपण आगीत नव्हते, ते त्यांच्या सपाटपणात होते. कलेतिहासकार विद्या दहेजिया यांनी बौद्ध कथनकलेच्या अभ्यासात दाखवून दिले आहे की अजिंठ्यातल्या अनेक भित्तिचित्रांत कथेचे प्रसंग काळाच्या क्रमाने येत नाहीत. ते स्थळानुसार एकत्र येतात, म्हणजे राजवाड्यात घडणारे प्रसंग एका जागी आणि वनातले दुसऱ्या जागी, मग कथेत ते आधीचे असोत की नंतरचे. अशी भिंत वाचायला एका जागी उभे राहून चालत नाही, माणसाला पुढे जाऊन पुन्हा मागे यावे लागते, मान वर करावी लागते, आणि दिव्याच्या मर्यादित उजेडात जेवढे दिसेल तेवढेच एका वेळी पाहावे लागते. त्या भिंतीसमोर चालणे हाच कथेचा अर्धा भाग आहे. पुस्तकाच्या पानावर हे चालणे सपाट होते. आभासी परिसर ते परत देऊ शकतो, पण एका अटीवर, की त्याने प्रेक्षकाला सारे काही एकदम, झगझगीत उजेडात दाखवण्याचा मोह आवरावा. चीनमधल्या मोगाओ लेण्यांच्या 220 क्रमांकाच्या गुहेवर आधारलेला ‘प्युअर लँड’ हा 2012 साली हाँगकाँगच्या सिटी विद्यापीठात साकारलेला प्रकल्प येथे आठवतो. दुनहुआंग अकादमीने केलेल्या मोजणीवरून पूर्णाकृती गुहा वर्तुळाकार पडद्यावर उभी केली, आणि प्रेक्षकाला प्रथम अंधारात आणून एका आभासी विजेरीच्या झोतात भिंत शोधायला लावली. सारे दाखवता येत असताना थोडे लपवणे, यात त्या मांडणीचे शहाणपण होते.

संवाद म्हणजे बटण दाबणे, हा गैरसमजही या निमित्ताने दूर करायला हवा. कॅनडाच्या चार डेव्हिस या कलावतीच्या ‘ऑस्मोज’ या 1995 सालच्या कृतीत प्रेक्षकाच्या हाती काहीच दिलेले नव्हते. छातीभोवतीचा पट्टा त्याचा श्वास मोजत असे, श्वास घेतला की तो त्या अर्धपारदर्शक वनात वर तरंगे आणि सोडला की खाली उतरे, आणि तोल ज्या बाजूला झुकेल तिकडे तो सरके. तेथे धावता येत नसे, काही हिसकावून घेता येत नसे. हातात बंदूक असल्यासारखे निशाण साधत फिरण्याची जी सवय संगणकीय खेळांनी लावली, तिला त्या कृतीने तीस वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले होते. म्हणजे आभासी परिसराची खरी सामग्री रंग आणि आकार ही नाही, ती आहे नियम. कोणत्या हालचालीला परिसर दाद देईल आणि कोणत्या हालचालीला देणार नाही, हे ठरवणारा तेथील खरा रचनाकार असतो. चित्रकार भिंतीवर रंग लावतो, तसा हा नियम लावतो.

हे गोंदियाच्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागेल असे मुळीच नाही, कारण त्याला अशा परिसराची सवय फार जुनी आहे. धान निघाल्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत रात्ररात्र चालणारी झाडीपट्टीची नाटके, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि मंडई यांच्या निमित्ताने उभे राहणारे मंडप, आणि त्यांतले रंगवलेले पडदे हीदेखील चित्राच्या आत माणसाला नेण्याचीच विद्या होती. मराठी रंगभूमीवर या पडद्यांची परंपरा मोठी आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले, आणि बाबूराव त्याच हाताने पुढे चित्रपटाकडे वळले. जंगलाच्या पडद्यावरची झाडे खरी नाहीत हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते, पडदा वाऱ्याने हलला की जंगलही हलते, तरीही नायिका रडू लागली की ती जंगलातच रडते. हा विश्वास चित्राच्या हुबेहूबपणातून येत नाही, तो प्रेक्षकांनी एकमेकांच्या साक्षीने दिलेल्या संमतीतून येतो. हेडसेट घातलेला माणूस मात्र त्या आभासी जंगलात एकटा असतो, शेजारी कोणी नाक शिंकरत नाही, कोणी शिटी मारत नाही. दृश्यकलेच्या आभासी मांडणीतली सर्वांत मोठी उणीव ही एकटेपणाची आहे. ज्या प्रदेशात पाहणे हे नेहमीच चारचौघांत बसून पाहणे होते तेथे तर ती अधिकच बोचते. म्हणूनच डोक्यावर चढवायच्या महागड्या साधनापेक्षा, दहा-वीस माणसांना एकत्र उभे राहता येईल असा वर्तुळाकार पडदा, जसा हंपीवर आधारलेल्या ‘प्लेस-हंपी’ या कृतीत सारा केंडरडाइन आणि जेफ्री शॉ यांनी 2006 साली वापरला, हा येथील प्रकृतीला जवळचा आहे. तंबूवाल्याला तो उभारायला शिकवणेही फार अवघड जाऊ नये.

आता कचारगड. सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या दरेकसा स्थानकाजवळच्या डोंगरात ही विशाल नैसर्गिक गुहा आहे, आणि माघ पौर्णिमेला येथे भरणाऱ्या यात्रेला अनेक राज्यांतून गोंड समाज येतो. या गुहेशी जोडलेल्या गोंडी कथेच्या प्रचलित रूपानुसार कली कंकाली या मातेची मुले या गुहेत कोंडली गेली आणि तोंडाशी प्रचंड शिळा लावली गेली. जंगो रायताड या देवीच्या मायेने आणि धर्मगुरू पारी कुपार लिंगोच्या ज्ञानाने त्यांच्या सुटकेचा मार्ग निघाला, हिरासुका पाटालीर या वादकाच्या वाद्याच्या नादाने आतल्या मुलांच्या अंगात बळ संचारले, शिळा सरकली आणि मुले मोकळी झाली, पण तो वादक मात्र शिळेखाली गेला. पुढे लिंगोने या मुलांना दीक्षा देऊन कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्माची आणि गोत्रांची व्यवस्था लावली, असे मानतात. नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी या परंपरेची लिखित मांडणी करण्यात आणि यात्रेला आजचे रूप येण्यात मोठा वाटा उचलला, आणि 2015 साली त्यांचे निधन झाले. यात्रेकरू पायथ्याच्या धनेगावातून पिवळ्या पोशाखात, ध्वज घेऊन, वाद्ये वाजवत डोंगर चढतात आणि गुहेच्या तोंडाशी पोहोचतात.

या गुहेचे आभासी रूप करणे तंत्राच्या दृष्टीने आज फार कठीण राहिलेले नाही. ड्रोन, लेझरने अंतर मोजणारे यंत्र आणि काही हजार छायाचित्रे एवढ्यावर डोंगराचा बऱ्यापैकी नमुना तयार होतो. प्रश्न पुढचा आहे. नेहमीची पद्धत अशी की पडद्यावर गुहेचे चिन्ह असते, त्यावर बोट ठेवताच प्रेक्षक थेट आत पोहोचतो. या उडीला तंत्रज्ञ ‘टेलिपोर्ट’ म्हणतात, आणि चालण्याने येणारी घेरी टाळण्यासाठी ती सोयीची असते. कचारगडच्या बाबतीत या एका उडीने सारी कथाच नाहीशी होते. ज्या गुहेचा अर्थच ‘बंद होती आणि नादाने उघडली’ असा आहे, ती गुहा सदैव उघडी, बोटाच्या टोकावर ठेवली तर उरतो तो फक्त दगडाचा भूगोल. नियम हीच सामग्री मानणारा रचनाकार येथे वेगळे करील. प्रेक्षकाला धनेगावातून चढावे लागेल, आणि गुहेचे तोंड एकट्याने उघडणार नाही. चार-सहा जणांनी, मग ते एका मंडपात असोत की दूरदूरच्या गावांत, एकाच वेळी ताल धरला, तर परिसर त्या नादाला दाद देईल. यात कल्पनेची चमत्कृती नाही. गुहेकडे जाण्याचा जो नियम परंपरेने सांगितला तोच यंत्राला शिकवण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो यशस्वी होईल की पोरखेळ ठरेल हे पाहण्याचा अधिकार यात्रेकरूंचा आहे.

या अधिकाराच्या प्रश्नावर मराठीतली डिजिटल वारशाची चर्चा फारशी थांबत नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची प्रणाली तयार केली, देशातल्या मोठ्या संग्रहालयांतल्या वस्तूंच्या नोंदी तिच्यामुळे एका ठिकाणी पाहता येऊ लागल्या, आणि हे काम निःसंशय पायाभूत आहे. पण नोंदीचे तत्त्व ‘सर्वांना सर्व काही’ हे असते, आणि प्रत्येक समाजाच्या दृश्यपरंपरेला ते लागू पडतेच असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजाबरोबर काम करताना उभी राहिलेली ‘मुकुर्तू’ ही प्रणाली वेगळ्या तत्त्वावर चालते. कोणते चित्र कोणाला, कोणत्या नात्याने दिसावे याचे नियम समाज स्वतः ठरवतो आणि यंत्र ते पाळते. या नावाचा त्यांच्या भाषेतला अर्थ पवित्र वस्तू जपून ठेवण्याची पिशवी असा आहे. ज्ञान सर्वांसाठी खुले हवे असे मानणाऱ्या, शिक्षणाची दारे बंद असण्याची वेदना ज्याने भोगली त्या महाराष्ट्राला ही मर्यादा चटकन पटणार नाही, आणि त्या शंकेत तथ्य आहे, कारण ‘आमची परंपरा’ या नावाखाली गावातलेच काही जण इतरांना, विशेषतः बायकांना, बाहेर ठेवू शकतात. तरीही दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बलवानाने दुबळ्याला ज्ञानापासून दूर ठेवणे ही बंदी. ज्याच्या घरात आजवर कोणीही न विचारता शिरले, त्याने आपल्या देव्हाऱ्याला दार लावणे हा हक्क आहे. आदिवासींची छायाचित्रे, मोजमापे आणि गाणी दीडशे वर्षे न विचारता गोळा झाली. त्यानंतर आता गुहेच्या त्रिमित नमुन्याबाबत तरी विचारावे, ही अपेक्षा जास्त नाही.

आभासी मांडणीवर नेहमी घेतला जाणारा मूळ कृतीच्या तेजोवलयाचा आक्षेप या अधिकाराच्या प्रश्नाच्या तुलनेने हलका आहे. यांत्रिक पुनरुत्पादनाने कृतीचे ‘तेज’, म्हणजे एका जागी एकाच वेळी असण्यातून येणारे तिचे वजन, विरते असे जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांनी 1930च्या दशकात मांडले, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या तंत्रावर तो आरोप होत आला. पण दरवर्षी सारवणाखाली जाणाऱ्या भिंतीला टिकाऊ अशी मूळ प्रतच नसते. तिचे वजन हात, ऋतू आणि निमित्त यांच्या पुनरावृत्तीत असते, आणि नियम पाळणारा आभासी परिसर या पुनरावृत्तीला निदान विरोध तरी करत नाही. खरी भीती वेगळीकडे आहे. आभासी परिसर फार लवकर मरतात. एकेकाळी संकेतस्थळांवरच्या असंख्य परस्परसंवादी दालनांचा आधार असलेले ‘फ्लॅश’ हे तंत्र 2020च्या अखेरीस बंद झाले आणि त्यावर उभी असलेली दालने एका रात्रीत अंधारली. मातीची भिंत ज्याला सारवता येते असा माणूस गावात असतो. संगणकाची भिंत पडली तर ती बांधणारा दुसऱ्या शहरात, आणि बहुधा दुसऱ्या नोकरीत असतो. म्हणून गोंदियासाठी असे काही करायचे झाले तर उद्घाटनाच्या खर्चापेक्षा दरवर्षीच्या सारवणाची तरतूद आधी हवी, आणि ते सारवण जिल्ह्यातल्याच महाविद्यालयांतल्या मुलामुलींना येईल इतके साधे हवे. ज्या यंत्रावर ते पाहायचे ते म्हणजे गावात आधीच असलेला मोबाईल आणि मंडपातला पडदा. हेडसेट असला तर बरा, नसला तरी अडू नये.

या साऱ्याचा व्यवहारात अर्थ असा होतो, की कचारगडचे आभासी रूप बाराही महिने उघडे ठेवण्याचे कारण नाही. माघ पौर्णिमेच्या दिवसांत, प्रत्यक्ष चढता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी, अपंगांसाठी आणि कामासाठी सुरत-पुण्याला गेलेल्या तरुणांसाठी ते उघडावे, त्यांनी धरलेला ताल गुहेच्या तोंडाशी ऐकू जाण्याची सोय व्हावी, आणि यात्रा संपली की शिळा पुन्हा लावून घ्यावी. उरलेले वर्षभर त्याच प्रणालीत मंडईचे पडदे, दंडारीची सोंगे आणि अंगणातल्या रांगोळ्या आपापल्या ऋतूत येत-जात राहू शकतील. त्यांना कुलपाची गरज नाही, फक्त दिवस बरोबर हवा. कोणत्या दारामागे काय ठेवायचे याची यादी निविदेच्या कागदात आधीच छापून येता कामा नये, आणि ती ठरवणारी पहिली बैठक धनेगावात, गोंडी जाणणाऱ्यांच्या उपस्थितीत व्हावी.